एका वाक्यातलं उत्तर

"सर, ई-सिगारेटवर एवढे हजारो पेपर निघालेत, तर एका वाक्यात सांगा ना, ती वाईट आहे की नाही?"

हा प्रश्न मी विचारला. शाळेच्या हॉलमध्ये, माईकवर, अख्ख्या नववी-दहावीसमोर. आणि ज्याला 'सर' म्हणाले तो व्याख्यानाला आलेला माझा बाबा होता.

पैज माझ्या मैत्रिणींनी, स्पृहा आणि अपेक्षाने, लावली होती. "स्वतःच्या बाबाला सर म्हणून दाखव ओवी, तर मानलं," असं स्पृहा म्हणाली. प्रश्न मात्र अपेक्षाने दिला, शब्दन्‌शब्द. "असाच विचार हां. एका वाक्यात, असं म्हण." मागच्या वर्षीची मी असते तर बाकाखाली शिरले असते. पण गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून माईक दिसला की माझे हात शिवशिवतात.

बाबा परळला एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात आहे. तो पेशंट बघत नाही, पेपर बघतो. जगात ई-सिगारेटवर काय काय छापून आलं, कोणत्या देशातून, कोणाच्या पैशाने, हे मोजायचं आणि त्याचे आलेख काढायचे. गेली दोन वर्षं तो एकच लेख लिहितोय. पुरा करून पाठवला की काही महिन्यांनी परत येतो: मधल्या काळात निघालेले पेपरही धरा. की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आई म्हणते, "शंतनु, तुझं काम म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुका चालू असताना चौपाटी झाडणं." बाबा हसतो, पण हल्ली ते हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

तर हॉलमध्ये त्याने दरवर्षी किती पेपर निघाले त्याचा आलेख दाखवला होता. रेघ बराच वेळ जमिनीला चिकटून आणि मग एकदम वर. "हा तर आमच्या वाडीचा जिना," स्पृहा कुजबुजली. माझा प्रश्न ऐकून बाबाने चष्मा काढला आणि पुसायला लागला. मी मनात म्हटलं, मेले. चष्मा पुसला की उत्तर लांबतं.

"एका वाक्यात अवघड आहे," तो म्हणाला. मग सिगारेट सोडू बघणाऱ्या मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी, काही पेपरांना कंपन्यांचाच पैसा, वस्तू इतकी नवीन की तीस वर्षांनी काय होतं ते बघायला अजून तीस वर्षं झालेलीच नाहीत, असं बरंच काही.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही?" माईक हातातच होता, म्हणून मी विचारलं.

"काही बाबतींत, नाही," बाबा प्रामाणिकपणे म्हणाला.

घंटा झाली. पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण गणिताचा तास बुडाला होता. अपेक्षा सगळ्यांत जास्त खूश दिसली. मला वाटलं, माझंच कौतुक.

पुढच्या आठवड्यात खो-खोचा सराव होता. अपेक्षा म्हणजे आमच्या संघाचा जीव. ती पळायला लागली की समोरच्या संघाचे घसे सुकतात. त्या दिवशी ती खांबाजवळ पोचली, खांब धरला आणि तिथेच खाली बसली. छाती धपापत होती. मी पाण्याची बाटली काढायला तिची बॅग उघडली, तर आत हायलायटरसारखं काहीतरी. पण हायलायटरला आंब्याचा वास कशाला येईल?

"अपेक्षा, हे काय आहे?"

"गप गो, ओरडू नको. फ्लेवर आहे नुसता."

"ई-सिगारेट? यावर तर बंदी आहे!"

"बंदी आहे, तरी मिळतं. माझ्या चुलतभावाच्या दोस्ताकडे ढीग आहे."

"कधीपासून घेतेस?"

"दिवाळीपासून. सोडणारच होते, शप्पथ. म्हणून तर तुला तो प्रश्न दिला. तुझे बाबा वाईट म्हणाले असते ना, तर त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं असतं. पण एवढे पेपर वाचणारा माणूसच म्हणतो नक्की माहीत नाही, तर मी कशाला घाबरू?" मग तिने मान गुडघ्यांवर टाकली. "आता नाही घेतलं की डोकं ठणकतं. सगळ्यांवर चिडते. कंटाळा आलाय गो."

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सीमाकाकू, म्हणजे तिची आई, नर्स आहे. ड्युटीवरून येऊन लालबागचे तीन मजले चढल्यावर त्यांचा असा आवाज होतो.

"माझ्या आईला सांगितलंस तर आपली दोस्ती खलास," अपेक्षा म्हणाली.

ठाकूरद्वारपर्यंतचा रस्ता मला त्या दिवशी संपता संपेना. घरी आई नुकतीच ऑफिसातून आली होती, पाय खुर्चीवर टाकून डोळे मिटून बसली होती. बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपसमोर. लेख परत आला होता, हे त्याच्या खांद्यांवरूनच कळलं.

मी सगळं सांगून टाकलं. नावासकट.

बाबाचा हात चष्म्याकडे गेला.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "एका वाक्यात सांग."

"पंधरा वर्षांच्या मुलीने त्याला हातही लावू नये," बाबा म्हणाला. ताबडतोब. "निकोटिनची सवय लागते, वाढत्या मेंदूवर परिणाम होतो. यावर वाद नाही."

"मग हॉलमध्ये का नाही बोललास?"

"तू पेपरांबद्दल विचारलंस, मी पेपरांबद्दल सांगितलं." चष्म्यावरचा हात त्याने खाली घेतला. "हल्ली समोर कोणीही असलं तरी मला लेख तपासणारेच दिसतात गं. ठाम बोललो की कोणीतरी पुरावा मागेल, असं वाटतं."

"समोर पोरं होती, शंतनु," आई डोळे न उघडता म्हणाली.

मी लॅपटॉपवरच्या त्या चढत्या रेघेकडे बोट दाखवलं. "यात अपेक्षा कुठे आहे?"

"अजून नाही आली."

"कधी येईल?"

सवयीने तो हिशेब करायला लागला. "आधी कोणीतरी इथल्या शाळांत सर्व्हे करायला हवा. त्याला परवानग्या, पैसे. मग लिखाण. मग तपासणाऱ्यांच्या शंका, दुरुस्त्या, छपाई. मग मी मोजणार. म्हणजे चार... पाच वर्षं." स्वतःचंच बोलणं त्याने ऐकलं. "तोवर तिचं कॉलेजही संपेल," असं पुटपुटला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

तिघेही दमलेले. मलाही आत जाऊन पांघरूण ओढावंसं वाटत होतं. पण अपेक्षाने विचारायला मलाच सांगितलं होतं आणि चुकीचं उत्तर तिच्यापर्यंत माझ्याच माईकवरून गेलं होतं.

मी उठून उभी राहिले.

"ऐका. उद्या सरावानंतर मी अपेक्षाला इथे आणणार आहे. बाबा, तू परळहून लवकर निघ, आणि ही सवय सोडवायची कशी ते तुमच्या हॉस्पिटलात कोणालातरी विचारून ये. तिला ते एक वाक्य सांगायचं. आलेख काढायचा नाही. मग आई, तू आणि मी तिला घेऊन लालबागला सीमाकाकूंकडे जायचं. तिथे मी बोलेन. अपेक्षा माझ्याशी दोस्ती तोडेल, माहितीये मला. तोडू दे. मी ठरवलंय."