पॉइंट गार्डची जागा

चर्चमधून परतलो तेव्हा एका महाविद्यालयाचे बास्केटबॉल प्रशिक्षक रॅडक्लिफ आमच्या पायरीवर उभे होते. माझी नात जोरेल अवघी पंधरा वर्षांची, शाळेच्या संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत चाल रचणारी. तिला आपल्या संघात बोलावणारी आणखी तीन महाविद्यालयांची पत्रे तिने फ्रिजच्या दारावर चुंबकांनी लावली होती. टोपी काढायला लावून मी त्यांना टेबलाशी बसवले. केंटकीत माझ्या हातचा पीच पाय, पीचची फळे भरून भाजलेला गोड पदार्थ, कोणी नाकारत नाही. या गृहस्थांनी त्याला स्पर्शही केला नाही.

"मिसेस टॉलिव्हर, पॉइंट गार्डची एकच शिष्यवृत्ती उरलीय. मी या खुर्चीवरून उठायच्या आत उत्तर हवं."

"मग बसून राहा. लेखी द्याल?"

"ते शाळेच्या शेवटच्या वर्षाआधी नियमात बसत नाही. माझा शब्द आहे."

"शब्द माझ्या नवऱ्यानेही दिला होता, कोच."

"आजी, गप्प बस ना गं!" जोरेल लाजली आणि त्यांच्याकडे वळून "हो" म्हणाली.

"शाब्बास! आता बाकीच्यांना आजच नकार कळव. तशीच रीत आहे."

ते बाहेर पडले. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवणे मला मान्य नाही, म्हणून पीच पायचा तुकडा बांधून घेऊन मी मागोमाग गेले. मोटारीची काच खाली होती आणि ते फोनवर बोलत होते.

"हो मॅडम, पॉइंट गार्डची एकच जागा उरलीय. तुमच्या मुलीचं उत्तर संध्याकाळपर्यंत हवं."

मी तशीच माघारी वळले.

"तिघांनाही नकार कळवला, आजी," जोरेल हसत म्हणाली.

फ्रिजच्या दारावर नुसती चुंबके उरली होती.