तिसरा नंबर सौसरचा

बैठक अकराची होती आणि मी साडेनऊपासून तीच फाइल चौथ्यांदा लावत होते. कागद वर-खाली करून काही होत नाही हे मला कळत होतं, पण हात ऐकत नव्हते. बाबा सौसरहून पहिल्या बसनं आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बाहेरच्या बाकावर असे ताठ बसले होते, की आत त्यांचीच मुलाखत असावी. मी दर दहा मिनिटांनी दारात जाऊन त्यांना बघून येत होते.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते म्हणाले, "अर्चना, तू बस ना बाई एका जागी. मलेच चक्कर येऊन राहिली."

पांढुर्णा जिल्हा होऊन अजून धड दोन वर्षं झाली नाहीत. विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनाआधी जिल्ह्याची प्रस्ताव समिती बसते आणि कायद्यासाठी किंवा नियम बदलण्यासाठी कोणते विषय भोपाळला पाठवायचे ते ठरवते. विषय तीनच जातात. चौथा आला की त्याची रवानगी 'इतर' नावाच्या पानावर होते, आणि ते पान भोपाळात कोणी उलटून पाहिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मी त्या समितीची कंत्राटी ऑपरेटर. मला तिथं बोलायचा हक्क नाही, टाइप करायचा आहे.

पहिल्याच बैठकीत पांढुर्ण्याचे आणि सौसरचे सदस्य चार तास भांडले होते. सौसरवाल्यांचं म्हणणं, जिल्ह्याला नाव तुमचं, कलेक्टर तुमच्या गावात, आता विषय तरी आमचे जाऊ द्या. शेवटी तोडगा निघाला तो असा: पहिला नंबर पांढुर्ण्याचा, दुसरा सौसरचा, आणि तिसरा एका वर्षी यांचा, एका वर्षी त्यांचा. हे कुठंच लिहिलेलं नाही, म्हणूनच ते मोडायची कोणाची छाती नाही. यंदा तिसरा नंबर सौसरचा होता.

आता आमचा विषय. माझे आजोबा १९५४ साली नरखेडकडून सौसरला संत्र्याच्या बगिच्यात कामाला आले. बाबा तेव्हा दोन वर्षांचे, आजीच्या कडेवर. तेव्हा नरखेड आणि सौसर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरला होती. दोन वर्षांनी राज्यं फुटली, नरखेड तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. आज जातीचा दाखला मागायला गेलं की बाबू म्हणतो, पन्नास सालाआधी मध्य प्रदेशात राहत होते त्याचा पुरावा आणा. नरखेडचा कागद दाखवला तर म्हणतो, हे तर महाराष्ट्रात आहे. बाबा म्हणतात, तवा नव्हतं ना बापा. बाबू म्हणतो, पुढचा या.

माझ्या सासरचंही तेच. आजेसासरे वरूडकडून पांढुर्ण्याला आले, एवढाच फरक. मला दाखला मिळाला नाही म्हणून मी कंत्राटी राहिले, ते मी गिळलं. पण माझी प्रज्ञा आता अकरावीत आहे, तिनं बायोलॉजी घेतलंय, आणि दोन वर्षांनी सरकारी कॉलेजचे फॉर्म भरायचे आहेत. नुसत्या मार्कांवर फी माफ होत नाही आणि जागाही मिळत नाही. पन्नास साली जुन्या मध्य प्रदेशात कुठंही राहत असलेल्या घरांना इथलंच धरा, एवढी एक ओळ भोपाळनं नियमात घातली की झालं. ती ओळ मागायला माझ्या लेकीकडे दोन वर्षं होती.

म्हणून मी आणि बाबांनी दीड महिना घरोघरी फिरून अर्ज गोळा केले. बाबांनी सौसर आणि लोधीखेडा धरलं, मी पांढुर्णा आणि तिगाव. त्यांचे त्रेचाळीस झाले, माझे अडतीस. सगळे एका फाइलीत लावून मी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दोन्ही तहसील'. मला वाटलं, दोन्हीकडची माणसं आहेत म्हटल्यावर विषयाला वजन येईल. अठरा वर्षं सरकारी कार्यालयात काढलेल्या बाईनं इतकं भोळं असू नये.

बैठक सुरू झाली. अध्यक्षांच्या खुर्चीत हिंदी मुलखातल्या रीवाकडचे डेप्युटी कलेक्टर साहेब होते. त्यांना मराठी समजतं, पण समजतं असं ते दाखवत नाहीत. पहिल्या नंबरावर पांढुर्ण्याच्या विजयभाऊंनी संत्रा मंडळाचा कायदा मांडला. दुसऱ्यावर सौसरच्या छायाताईंनी नागपूरला जाणाऱ्या बसगाड्यांच्या परवान्याचा नियम ठेवला. वीस मिनिटांत दोन्ही झाले. मग साहेबांनी माझी फाइल उघडली आणि वाचून दाखवली.

"अच्छा विषय है," ते म्हणाले.

"चांगलाच आहे," विजयभाऊ म्हणाले. त्यांचं संत्र्याचं मोठं काम आहे, आवाजही तसाच मोठा. "अन्याय हाये हा. मी तर म्हणतो पयलेच व्हाले पाहिजे होतं."

"सत्तर वर्षं झाले लोकायले," छायाताई म्हणाल्या. त्या निवृत्त हेडमास्तरीण. अजूनही समोरच्याचं बोलणं त्या पेन्सिल हातात धरून ऐकतात.

मला वाटलं, झालं. माझी बोटं की-बोर्डवर गेलीसुद्धा. तेवढ्यात विजयभाऊंनी विचारलं, "पण हे कोणाच्या नंबरावर?"

पांढुर्ण्याचा नंबर संत्र्यानं घेतला होता. तिसऱ्यावर सौसरचा लोधीखेडा तहसील करायचा विषय ठरलेला होता, आणि सौसरच्या नंबरावर पांढुर्ण्याची अडतीस घरं बसवायला सौसरवाले तयार नव्हते. पांढुर्णेवाले तर त्याहून नाही. उद्या त्यांच्या नंबरावर कोणी सौसरचं घुसवलं तर? विरोधात एकही माणूस नव्हता. जो तो मान हलवत होता, आणि मान हलवत हलवत त्यांनी माझा विषय 'इतर'मध्ये टाकला. दोघांचं घोडं, त्याला दाणा कोणीच घालत नाही.

साहेबांनी चहा सांगितला. मी विजयभाऊंच्या मागे गॅलरीत गेले.

"भाऊ, तुमच्या नंबरावर घ्या ना."

"बाई, मी विरोधात हाये का? सांग बरं. पण संत्रा सोडून गावात तोंड कसं दाखवू? पुढच्या वर्षी तिसरा नंबर आपलाच हाये. तवा पाहू आपण."

"मागच्या वर्षी बी तिसरा तुमचाच होता. तवा बी तुम्ही 'पुढच्या वर्षी पाहू' म्हटलं होतं."

"म्हटलं असन," ते अगदी मोकळेपणानं म्हणाले आणि चहाचा कप शोधायला गेले. माणूस वाईट नाही, हाच त्रास आहे. वाईट असता तर मला निदान भांडता आलं असतं.

परतताना छायाताईंनी मला जिन्याजवळ थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आईक. लोधीखेडा दोन वर्षांपासून पाठवून राहिलो, यंदा नाही गेला तं मरत नाही. तिसरा नंबर मी तुले देतो. पण विषय सौसरचा पाहिजे."

"म्हणजे?"

"मसुद्यात 'सौसर तहसीलमधली कुटुंबं' असं लेह्य. अर्ज बी फक्त सौसरचे लाव."

"ताई, नियम झाला तर सगळ्यायलेच लागन ना. तहसीलचं नाव कायले?"

"विजयभाऊ ओळ न् ओळ वाचते. पांढुर्ण्याचं एक घर दिसलं का तो म्हणन, आमचे लोक तुमच्या नंबरावर कसे. मंग बैठक मोडते, साहेब उठून जातात, अन् सगळंच 'इतर'मध्ये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुही पोरगी पांढुर्ण्याच्या अर्जात हाये ना?"

मी हो म्हटलं.

"तूच ठरव मंग. दहा मिनिटं हायेत."

त्या दहा मिनिटांत मी खुर्चीत तीनदा बसले आणि तीनदा उठले. मग टाइप केलं: 'पांढुर्णा व सौसर तहसीलमधली कुटुंबं'. टाइप करणारी मीच, प्रिंट काढणारी मीच. शेवटच्या पानावर चार ओळींच्या मध्ये दोन शब्द कोणाला दिसणार? मी प्रिंटचं बटण दाबायला बोट उचललं, आणि दारातून विजयभाऊ चष्मा पुसत आत येताना दिसले. हा माणूस लग्नपत्रिकासुद्धा खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचतो. सापडलं तर माझी एकटीची पोरगी बुडणार नव्हती. बाबांनी उन्हात फिरून आणलेली त्रेचाळीस घरं बुडणार होती, आणि त्यात माझ्या भावाची, प्रवीणची, दोन पोरंही होती.

मी 'पांढुर्णा व' पुसलं. दोनच शब्द. मग फाइलची दोरी सोडून पांढुर्ण्याचे अडतीस अर्ज बाहेर काढले. प्रज्ञाचा सगळ्यांत वर होता, कारण तो मीच वर ठेवला होता. फोटोत तिनं शाळेच्या नियमाच्या दोन वेण्या घातल्या होत्या आणि हसू दाबलं होतं. मी तो अर्ज पालथा करून टेबलाच्या खणात टाकला आणि खण जोरात लावला. साहेबांनी वर पाहिलं.

"कुछ नहीं सर," मी म्हटलं.

तिसरा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. विजयभाऊंनी खरोखरच ओळ न् ओळ वाचली, एका जागी बोट ठेवून परत वाचली आणि म्हणाले, "बरोबर हाये. यात आमचं काही नाही." छायाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी सही केली, शिक्का मी मारला.

बाहेर आले तर बाबा उभेच होते. कोणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं.

"झालं म्हणते ना पोरी? तिसऱ्या नंबरावर?" त्यांचे डोळे भरले होते. "माही माय असती तं…"

"बाबा, सौसरचंच झालं."

मग त्यांनी माझ्या हातातला पांढुर्ण्याच्या अर्जांचा गठ्ठा पाहिला, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "प्रज्ञाचं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. विजयभाऊंचा, छायाताईंचा, सौसरच्या त्या त्रेचाळीस घरांचा, आणि मला सांगायला लाज वाटते, पण बाबांचाही. इतकी वर्षं पांढुर्ण्याच्या सुनेला सौसर माहेर होतं. आज पहिल्यांदा ते मला दुसरं गाव वाटलं.

बाबा माझ्यासोबत घरी आले. प्रज्ञा क्लासवरून येऊन पोहे खात होती. मी तिला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसून सांगितलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिनं ऐकलं आणि चमचा बाजूला ठेवला.

बाबाच बोलले. "मी तिथूनच बस धरणार होतो, पण मनात आलं ते सांगूनच जातो. इले माह्याकडं पाठवून दे. आधार सौसरचा करून घेऊ, शाळा सौसरची. जावयानं बी खोली पाहावं तिकडं. नियम होईस्तोवर ते सौसरचे होऊन जातीन."

"म्हणजे पुन्हा बिऱ्हाड उचलायचं?" मी म्हटलं. "आजी तुमाले कडेवर घेऊन आली, आता मी इले घेऊन जाऊ? अन् तिकडं गेल्यावर म्हणतीन, अमुक तारखेच्या आधीपासून राहत होते त्याचा कागद आणा."

"म्हणतीन," बाबा म्हणाले. "पण दुसरं काय करतं?"

मी उगाच गॅस पेटवला, उगाच बंद केला. प्रज्ञा उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी पाहायला गेले तर ती पलंगावर दप्तर घेऊन बसली होती आणि एक एक वही बाहेर काढून वरचं नाव, वर्ग आणि शाळा वाचत होती. 'पांढुर्णा' लिहिलं होतं तिथं तिचं बोट थांबत होतं.

बाबा माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले. तिनं वर पाहिलं आणि अगदी साधं विचारलं, शाळेत सरांना विचारावं तसं.

"आजोबा, कुठं किती वर्षं राहिलं म्हणजे माणूस तिथला होते?"

बाबांनी चौकटीला हात टेकला. ते हसले नाहीत.

"मले एकाहत्तर वर्षं झाले, बाई," ते म्हणाले. "मी अजून तेच इचारून राहिलो."