मागची डावी बाजू

डोळे तपासणीची गाडी आरमोरीच्या आठवडी बाजाराला लागून उभी होती आणि मागच्या डाव्या अंगाने खाली बसली होती. गाडी तिरपी असली की आतली मशीन चुकीचे आकडे दाखवते, म्हणून तंत्रज्ञ दिव्यानीने तपासणी थांबवली होती. बाहेर कडुलिंबाखाली पंधरा-वीस बाया पिशव्या मांडीवर घेऊन वाट पाहत बसल्या होत्या.

वडसा रोडवर ज्योत्स्नाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. निरोप मिळताच ती आली. गाडी तिच्या ओळखीची होती. महिन्याभरापूर्वी हिचाच एक सेन्सर तिने बदलून दिला होता.

या गाडीला लोखंडी कमानपाट्यांऐवजी हवेचे बलून होते. माणसं चढली की गाडी दबायची, सेन्सर तिची उंची कंट्रोल बॉक्सला कळवायचा आणि बॉक्स बलूनमध्ये हवा भरून गाडी पुन्हा सरळ करायचा. ज्योत्स्नाने स्कॅनर जोडला. स्कॅनरने पुन्हा तोच सेन्सर खराब दाखवला, मागचा डावा.

"नवा सेन्सर महिन्यात जात नाई," ती म्हणाली.

दिव्यानीने आवाज हळू केला. "ताई, ऑफिसमधे सगळे म्हणून राह्यले का लटारूभाऊ गाडी खड्ड्यातून जोरात काढतात. पुढच्या आठवड्यात दुसरा ड्रायव्हर देणार हायेत."

लटारूभाऊ चार पावलांवरच उभे होते. सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्यांनी ऐकलं असणारच, पण ते बाजाराकडे पाहत राहिले.

गाडी अचानक दबली तरी अंगावर येऊ नये म्हणून ज्योत्स्नाने चासीच्या सांगाड्याखाली लाकडी ओंडके सरकवले, चार बोटं फट ठेवून, आणि गाडीखाली शिरली. सेन्सरपाशी मीटर लावला. पाच व्होल्ट येत होते, अर्थिंग चांगलं होतं, सेन्सरची दांडी हलवली की आकडाही नीट बदलत होता. सेन्सरमध्ये काहीच खोट नव्हती. बाहेर येऊन तिने स्कॅनरवरचा फॉल्ट पुसला, तशी गाडी हळूहळू वर आली आणि सरळ झाली.

"झालं?" दिव्यानीने विचारलं.

"गाडी उठली. काऊन बसली होती ते अजून नाई समजलं." मग ती लटारूभाऊंकडे वळली. "भाऊ, तुमी रोज चालवता. ही कवा बसते?"

लटारूभाऊंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "रस्त्यानं नाई बसत. खड्ड्यात समोरचा फॉल्टचा दिवा लागते आन विझते. पण कॅम्पले उभी केली, माणसं चढले, का बसते. मंग उठतच नाई. चिमूरले तसंच झालं."

"किती माणसं?"

"सात-आठ. दोन-तीन असले तं काई होत नाई."

म्हणजे रिकाम्या गाडीत हा दोष सापडायचाच नाही. ज्योत्स्ना ड्रायव्हरच्या सीटमागे कंट्रोल बॉक्सजवळ बसली, सेन्सरकडून येणाऱ्या वायरीवर मीटर लावला आणि दिव्यानीला म्हणाली, "बायाईले एकेक करून आत पाठव."

सर्वांत पुढे मनकर्णाबाई होत्या. पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "डोळे तपासाले चढू का गाडी तपासाले?"

"अगुदर गाडी, बाई. मागं जाऊन बसा."

मीटरवर अडीच व्होल्ट होतं. बाया चढत गेल्या तसा आकडा हळूहळू खाली आला. सव्वादोन, दोन. आठवी बाई आत आली आणि एकदम शून्य झालं. दोघींना उतरायला सांगितलं, तर आकडा परत आला. सेन्सर बरोबर बोलत होता, पण त्याचं बोलणं मधेच वायरीत तुटत होतं.

सगळ्यांना उतरवून ज्योत्स्ना पुन्हा खाली शिरली आणि वायरीवरून बोटं फिरवत गेली. वायर एका जागी ताणलेली होती. वरचं रबर शाबूत होतं, पण चिमटीत धरलं तर आत तांब्याचा कडकपणा लागत नव्हता. वायर ब्रेकच्या रबरी पाइपाला लाल प्लॅस्टिक पट्टीने आवळून बांधली होती. पाइप चाकाबरोबर हलायचा आणि वायरीला ओढायचा. गाडी जास्त दबली की तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर व्हायची, आणि बॉक्स फॉल्ट धरून हवा भरणंच बंद करायचा.

लाल पट्ट्या आरमोरीत ती एकटीच वापरत होती.

सेन्सर बदलला त्या दिवशी दुकानात गर्दी होती. उरलेली वायर लोंबकळू नये म्हणून जवळ दिसलं त्याला तिने बांधून टाकली होती. आता पट्टी कापून खिशात टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने कापली नाही.

"भाऊ, जरा वाकून पाहता का इकडं? दिव्यानी, तू पण ये."

टॉर्चच्या उजेडात तिने पट्टी दाखवली. "हे मी बांधलं होतं. चासीले बांधाचं तं पाइपाले बांधलं. वायर माह्या हातानं तुटली. भाऊच्या चालवण्यानं नाई."

लटारूभाऊंनी उकिडवं बसून पट्टी बोटाने चाचपली. म्हणाले, "दहा दिवसांपासून मी खड्डा दिसला का पहिल्या गिअरमधे चालवून राह्यलो."

ज्योत्स्नाने तुटका तुकडा काढून नवी वायर झाळली, वर नळी चढवली आणि थोडी ढील ठेवून चासीच्या कडेने नेली. पुन्हा आठ बाया चढल्या, मग दहा. गाडी दबली, कंप्रेसर गुरगुरला आणि ती सरळ झाली. ओंडके काढून लटारूभाऊंनी बाजारामागच्या खराब रस्त्यावरून एक चक्कर मारून आणली. दिवा लागला नाही.

दिव्यानीने गाडीच्या नोंदवहीत 'वायर दुरुस्त' एवढंच लिहिलं होतं. ज्योत्स्नाने वही मागून घेतली आणि त्याखाली सविस्तर लिहिलं: वायर कुठे बांधली होती, कोणी बांधली होती, चालकाचा दोष नाही. सही केली, दुकानाचा नंबर टाकला आणि म्हणाली, "ऑफिसले फोन मी स्वतः करीन. लाव त्याईले."

दिव्यानीने नंबर लावून मोबाइल तिच्या हाती दिला आणि ती तपासणीला आत गेली. आतून मनकर्णाबाई फळ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होत्या. लटारूभाऊ पायरीजवळ उभं राहून एकेकीला हात देत वर चढवत होते.