घर्षणातली बावीस मिनिटं

आमच्या डुकराला पाय नाहीत. डुक्कर म्हणजे गॅसच्या नळीत सोडायचं तपासणी यंत्र. माणसाएवढं लांब, कडेला रबराच्या चकत्या, अंगभर सेन्सर. मागून गॅस ढकलतो आणि ते नळीच्या भिंतींना घासत, कुठे गंज चढलाय ते टिपत पुढे जातं. त्याला डुक्कर का म्हणतात, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशी विचारलं होतं. प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येकाने माझ्याकडे बघत दिलं.

नळीतून फोन लागत नाही. म्हणून डुक्कर आत्ता कुठे असेल ते गणिताने सांगायला मी आहे. नव्वद किलोमीटर नळी, सारख्या अंतरावर चार स्टेशनं. एक नंबरवरून सोडायचं, चार नंबरवर काढायचं. मधल्या दोन स्टेशनांवर माणूस नळीला कान लावतो, डुक्कर गेलं की वेळ लिहितो आणि आम्हाला कळवतो. त्या वेळांवरून माझं संगणकातलं मॉडेल पुढचं भाकीत करतं.

त्या दिवशी सकाळी आठला सोडलं. दहाला दोन नंबर. बाराला तीन नंबर. मॉडेलने स्क्रीनवर लिहिलं, चार नंबरवर एक तेवीसला. इतक्या लवकर कसं, म्हणून मी चकित झालो, पण थकलेला माणूस फार वेळ चकित राहू शकत नाही. सलग अकराव्या दिवशी मी त्याच खुर्चीत होतो. खुर्चीला माझा आकार आला होता, मला खुर्चीचा.

एक तेवीस झाले. एक तीस झाले. डुकराचा पत्ता नाही.

आईचा फोन आला. "अरे, शेगडीची ज्योत काजव्याएवढी झालीये. भात कधीचा ठेवलाय, तांदूळ नुसते माझ्याकडे बघतायत."

"आई, डुक्कर चाललंय. हळू जावं म्हणून गॅस कमी केलाय."

"मग त्याला म्हणावं, पाय उचल."

"पाय नाहीत त्याला."

"तुझ्यावरच गेलंय," म्हणत आईने फोन ठेवला.

एक पस्तीसला साहेब फॉर्म घेऊन आले. ठरल्या वेळेवर अर्धा तास उलटला की निर्णय घ्यायचा, असा नियम आहे. फॉर्मवर दोन चौकोन होते. 'अडकले आहे' आणि 'अडकलेले नाही'. खाली सही मॉडेलवाल्याची.

"एक त्रेपन्नला पहिल्यावर सही कर," साहेब म्हणाले. "व्हॉल्व्ह बंद करू, तू सांगशील तिथे खणू, नळी कापू."

"गावाला गॅस?"

"तीन दिवस नाही."

आईचे तांदूळ डोळ्यांपुढे आले. शिवाय व्हॉल्व्ह बंद केले की ढकलणारा गॅसच थांबतो, म्हणजे चाललेलं डुक्करही अडकणार. आम्ही अडकलं म्हटलं की ते अडकतंच. मॉडेल कधीच खोटं ठरत नाही, अशी ही व्यवस्था आहे. पण दुसऱ्या चौकोनावर सही केली आणि ते खरंच अडकलेलं असलं, तर मागे दाब साठून ते बंदुकीच्या गोळीसारखं सुटणार. चार नंबरवर डुक्कर काढून घ्यायला आमच्या ऑपरेटर ताई उभ्या आहेत.

मी तीन नंबरला फोन लावला. तिथे कानसेन काका असतात. हेडफोनवर त्यांचा विश्वास नाही, ते थेट कान लावतात. सव्वीस वर्षांत एकही डुक्कर त्यांच्या कानातून सुटलेलं नाही.

"काका, बाराला नक्की गेलं?"

"घंटा वाजवत गेलं. का रे?"

"दरवेळी तुमच्याकडे बारा बावीस होतात. आधीच्या साही खेपांना. आज बाराच?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आज थर्मास नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"डुक्कर गेलं की मी चहा घेतो. काम झाल्याचा चहा. मग आत जाऊन घड्याळ बघतो, लिहितो, तुम्हाला कळवतो. आज घरात भांडण झालंय. तुझ्या काकूने थर्मास दिला नाही. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून लगेच लिहिलं."

मी कपाळाला हात लावला. दोन ते तीनमधली नळी आतून खरखरीत आहे आणि तीन ते चार लोण्यासारखी, असं मी तीन वर्षं मानत होतो. त्या खरखरीतपणावर माझा एक शोधनिबंधही छापून आला होता. तो खरखरीतपणा म्हणजे काकांचा चहा होता. आज चहा नाही, म्हणून मॉडेलला वाटलं डुक्कर सुसाट सुटलंय.

कागदावर पुन्हा मांडलं. नळी सगळीकडे सारखी, दर टप्प्याला दोन तास. दोन वाजता.

"साहेब, दोनला येईल."

"मॉडेल एक तेवीस म्हणतंय."

"मॉडेलने तीन वर्षं रोज... म्हणजे दर खेपेला चहा घेतलाय."

साहेबांनी माझ्याकडे, मग माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं. "झोपलास कधी?"

"मंगळवारी."

"आज सोमवार."

"हो."

एक त्रेपन्न झाले. साहेबांनी पेन दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मी ताईंना फोन करून नळीच्या दारापासून लांब, भिंतीआड उभं राहायला सांगितलं. मग दुसऱ्या चौकोनावर खूण करून सही केली. सही माझीच होती, पण डुगडुगत होती. तिचाही जागरणाचा दिवस असावा.

दोन वाजले. काही नाही. दोन वाजून दोन मिनिटं. साहेब खिडकीपासून हलले नाहीत. मी मनातल्या मनात नळी कापायला लागलो.

दोन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. ताई. "आलं. धप्पकन आलं, नीट आहे."

साहेब शेवटी खिडकीपासून हलले. मी विचारलं, "कधी आलं?"

"दोनला."

"आणि कळवताय आत्ता?"

"अहो, घाबरून घसा कोरडा पडला. आधी पाणी प्यायले."

मी वही उघडली. तीन नंबर, चहा, बावीस मिनिटं. त्याखाली लिहिलं, चार नंबर, पाणी, चार मिनिटं. मग काकांना फोन केला आणि यापुढे आधी वेळ लिहा, मग चहा घ्या, असं सांगितलं.

"ते ठीक आहे," काका म्हणाले, "पण आधी काकूला तूच समजाव. थर्मास तिच्याकडे आहे."

मी काकूंचा फोन नंबर लिहून घेतला. शेगड्या पेटल्या असाव्यात, कारण आईचा फोन आला नाही.