नाजूक कपडे, तिसरा मजला

मामाने सकाळीच सांगून टाकलं होतं. आज लाँड्रीवाल्या बाईंनी ऑर्डर दिली तर ठीक, नाहीतर कंपनीला कुलूप, आणि भाचीने, म्हणजे बारकीने, उद्यापासून काकाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. बारकीला फरशीबद्दल एवढंच माहीत होतं की ती खाली असते.

मामाची कंपनी वॉशिंग मशीनचे मेंदू, म्हणजे मशीन चालवणाऱ्या चिप, विकायची. मेंदू बाजारातून यायचे, शहाणपण बारकी भरायची. मेंदू इतका इवलासा, की स्वतःची सिस्टीम स्वतः तयार करणं त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून ती ऑफिसातल्या धिप्पाड कॉम्प्युटरवर तयार व्हायची. धिप्पाडाचा प्रोसेसर निराळ्या घराण्यातला, त्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही. तरी बाळाचं झबलं शिवायला बसलेल्या पैलवानासारखा तो निमूट राबायचा आणि शेवटी इन्स्टॉलरची इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टीमचं बांधलेलं गाठोडं, बाहेर काढायचा. ही इमेज वायफायवरून मेंदू हुडकायची आणि त्यात जाऊन बसायची.

बसण्याआधी ती विचारायची, तू वॉशिंग मशीनच ना? पण चाचणी व्हायची धिप्पाडाच्या पोटातल्या खोट्या मशीनवर. त्याला ड्रम नसल्याने ते दर वेळी प्रामाणिकपणे नाही म्हणायचं. काल वैतागून बारकीने तो प्रश्नच काढून टाकला आणि परत घालायला विसरली.

बाई खाली लिफ्टपाशी पोचल्याचं कळलं, तशी तिने इमेज सोडली. टेबलावरचं मशीन झकास सुरू झालं. मामाने टाय सरळ केला. लिफ्ट काही वर येईना.

मग बाईंचाच फोन आला.

"अगं मुली, तुमची लिफ्ट म्हणतेय कपडे जास्त झालेत, थोडे काढा. मी काढणार नाहीये."

घरमालकाने लिफ्टलाही तोच स्वस्तातला मेंदू बसवला होता, हे मामाला आत्ता कळलं. तो खुर्चीत बसला. खुर्ची तिथे नव्हती.

जमिनीवरूनच त्याने मेन स्विच पाडायचं सुचवलं. बारकी म्हणाली, मग बाई मधेच लटकतील. शिवाय धुणं पूर्ण झाल्याशिवाय दार उघडणार नाही, ही सोय तिने मोठ्या अभिमानाने केली होती. सध्या सुती कपडे चालू होते. म्हणजे तळमजल्यावर भिजवणं, मग दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये घुसळणं, मग पिळणं. पिळण्याचा विचार दोघांनीही पुढे नेला नाही.

"बाई, तीन नंबर दाबा. नाजूक कपडे."

"त्यात पिळत नाहीत ना?"

"नाही. नुसतं हलवतात."

"बघ हं. माझ्या गुडघ्यांची वॉरंटी कधीच संपलीय."

लिफ्ट अलगद वर-खाली करू लागली. मामा-भाची जिन्यावरून तिच्यामागे धावत होते. जाळीच्या दारातून बाई दिसायच्या, गडप व्हायच्या, पुन्हा दिसायच्या, आणि दर वेळी थोड्या जास्त खुशीत असायच्या. शेवटी तिसऱ्या मजल्यावर धून वाजली, दार उघडलं. पडद्यावर आलं: सावलीत वाळत घाला.

मामाने एका दमात माफी मागितली आणि दोष घरमालक, भाची आणि वायफाय यांच्यात वाटून दिला. बाईंनी हात वर केला.

"मशीन सगळे बाहेरूनच दाखवतात. आत मला कुणी घातलं नव्हतं." मग त्या बारकीकडे वळल्या. "वळताना हिसका बसतो. मला चालेल, रेशमाला नाही चालणार. हे काढलंस तर बोलू."

बारकी पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली. हिसका खराच होता. मोटर दिशा बदलताना श्वासच घेत नव्हती. बारकीने तिला श्वास घ्यायला शिकवलं, धिप्पाडाला पुन्हा झबलं शिवायला लावलं आणि नवी इमेज सोडली. 'तू वॉशिंग मशीनच ना?' हा प्रश्न तिने या वेळी मुद्दामच घातला नाही. मामाने ते पाहिलं आणि डोळे मिटले.

बाई लिफ्टमध्ये शिरल्या, बारकीला हाताला धरून आत ओढलं आणि तीन नंबर दाबला. लिफ्ट वर गेली, थबकली, लोण्यातून सुरी जावी तशी वळली. दोघींपैकी कुणाचाही पदर, पर्स की चष्मा हलला नाही.

"ऑर्डर तुमचीच," बाई जाळीतून मामाला म्हणाल्या. तो 'सही' म्हणेपर्यंत त्या खाली गेल्या होत्या. परत वर आल्या तेव्हा त्यांचं बोट पुढच्या बटणावर होतं.

"सही मग करते. आता लोकर."

मामाने टाय खिशात घातला आणि जिन्याकडे धावला.