हँडब्रेक आणि विहीणबाई

लेकीच्या लग्नाच्या एकाही फोटोत विहीणबाईंचं अख्खं तोंड नाही. सगळीकडे त्या ओठावर रुमाल धरून उभ्या आहेत, आणि त्याला जबाबदार मी.

मी गाडी चालवायला शिकवते. एकतीस वर्षं झाली. आमच्या क्लासच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो, आणि तो मी इतका दाबते की शिकणारे मला पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात. मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं. तर लग्नाच्या दिवशी विहीणबाईंनी मला मानानं आपल्या गाडीत पुढे बसवलं, चालवत त्याच होत्या. मागच्या सीटवर केक. चौकात डावीकडून एक ट्रक आला. बऱ्यापैकी दूर होता, आता कबूल करते. माझा पाय सवयीनं खाली गेला, पण तिथे ब्रेक कुठला असायला? मग मी हात घातला आणि हँडब्रेक खस्सकन ओढला. केक खाली पडला, विहीणबाईंचा ओठ स्टिअरिंगवर आपटला. एवढ्यावर तरी गप्प बसावं ना? पण माझ्या जिभेला हाड नाही. त्या रुमाल शोधत होत्या आणि मी त्यांना चौकात वेग कसा कमी करायचा ते सुनावत होते. त्यांना फ्रेंच सोडून भाषा येत नाही आणि मला इंग्रजी सोडून. घर, धंदा, भांडण, माझं सगळं इंग्रजीतच. पण सूर कळायला भाषा लागत नाही.

तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर मी दिसले की विहीणबाई उठून कॉफी करायला जायच्या. दोन वर्षांत त्यांनी किती कॉफी केली असेल कोण जाणे.

मग लेकीला दिवस गेले. मी लगेच बॅग काढली. तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, आधी त्यांच्याशी नीट कर, मग ये. बाळंतपणात मला तुम्हा दोघींच्या मधे उभं राहायचं नाहीये."

ती ओरडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते. पण ती थकून बोलत होती. फोन ठेवून मी तशीच खुर्चीत बसले. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, आणि आईलाच दारात मज्जाव. रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग उठले आणि ठरवलं की माफी मागायची ती त्यांच्याच भाषेत, आणि मधे ना लेक ना जावई.

तेव्हा माझ्याकडे एक मास्तर गाडी शिकत होते. शाळेत फ्रेंच शिकवायचे, आणि गाडीच्या परीक्षेत चार वेळा नापास. आमचं ठरलं की आठवड्यातून दोन तास त्यांनी माझ्या गाडीत बसायचं आणि दोन तास मी त्यांच्या टेबलाशी. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, नेमकं काय बोलायचंय? मी म्हटलं, एकच वाक्य. मी हँडब्रेक ओढायला नको होता. मास्तर जरा वेळ पेन्सिल चावत बसले. मग म्हणाले, त्या वाक्यापर्यंत पोचायचं तर बराच रस्ता आहे.

होताच. इंग्रजीत बरं असतं. माणूस कोणीही असो, क्रियापद ढिम्म हलत नाही. तिसऱ्या माणसाला शेवटी एक एस चिकटवला की झालं. इथे माणसागणिक सहा रूपं, आणि त्यातली चार कानाला सारखीच पण लिहायला तीन तऱ्हेची. शेवटची अक्षरं लिहायची आणि बोलताना गिळून टाकायची. बोलायची नाहीत तर लिहिता कशाला, असं मी चिडून विचारलं. मास्तर म्हणाले, रस्ता रिकामा असला तरी तुम्ही मला वळताना इंडिकेटर द्यायला लावता ना? मी मुकाट्यानं लिहायला लागले.

भूतकाळ एक असेल म्हणावं तर तोही नाही. एकदा घडून संपलं ते वेगळं, नेहमी घडायचं ते वेगळं. वर मदतीला दुसरं क्रियापद. बहुतेकांना एक, आणि येणं, जाणं, पडणं, जन्मणं, मरणं अशा निवडक मंडळींना दुसरंच. केक पडला, हे वाक्य मात्र मी एका फटक्यात पाठ केलं.

आज्ञार्थ मला तासाभरात आला. थांबा, वळा, बघा, दाबा, ओढा, सोडा. एकतीस वर्षं मी दुसरं बोललेय काय? त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा हसले. पण झालं असतं, करायला नको होतं, या असल्या रूपांनी माझ्या नाकी नऊ आणले. पुढे कळलं की इच्छा, शंका आणि भीती यांच्यासाठी क्रियापदाचं आणखी एक निराळं रूप असतं. म्हटलं, घाबरलं की रूप बदलतं हे मला नका शिकवू, लेकीच्या लग्नापासून ते मी रोज आरशात बघतेय.

क्लासच्या गाडीत समोरच्या सनशेडवर मी तक्ते चिकटवले. लाल दिवा लागला की एकेक रूप पुटपुटायचे. शिकणाऱ्यांना वाटायचं, बाई शिव्या देताहेत.

अडले की मी वही आपटायचे. मास्तर दर वेळी त्याच आवाजात फ्रेंचमधून म्हणायचे, काही हरकत नाही, सावकाश, पुन्हा. आणि दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी चौकात बंद पडली की मी त्यांच्यावर डाफरायचे. एकदा त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अडलात की मी जे म्हणतो, ते मला एकदा तरी म्हणून बघा."

लाज वाटली, पण दाखवली नाही. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा ओठ घट्ट दाबून धरले, मग हळूच त्यांचेच शब्द म्हटले. पाचव्या परीक्षेत मास्तर पास झाले.

लेकीला आठवा महिना लागला तेव्हा मी तिला ते वाक्य फोनवर म्हणून दाखवलं. तिनं ते आणखी एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, ये. पण गाडीत मागे बस.

लेकीच्या गावच्या स्टेशनवर जावई घ्यायला येणार होता. आल्या विहीणबाई. लेकीला दहा दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि जावई हॉस्पिटलमधे तिच्यापाशी होता. गाडी तीच. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची, घडीचा पाळणा आणि खोके, मुंगीलाही जागा नाही. विहीणबाईंनी पुढचं दार उघडलं आणि बाजूला झाल्या. त्यांच्या ओठावर एक पांढरी रेघ होती. मी तोंड उघडलं आणि इतक्या महिन्यांचे तक्ते डोक्यातून सफाचट. नमस्कार तेवढा केला, आत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

हॉस्पिटल चढावर होतं. चढाच्या मध्यावर सिग्नल लागला आणि मागे बस येऊन उभी राहिली. हिरवा दिवा झाला, आणि गाडी बंद पडली. विहीणबाईंनी चोरून माझ्याकडे बघितलं. ज्या बाईला इतकी वर्षं गाडी चालवता येते तिच्या हातून गाडी बंद पडली, आणि ती माझ्यामुळे, मी शेजारी बसले होते म्हणून. त्यांनी चावी फिरवली, गाडी पुन्हा बंद पडली. मागून हॉर्न. मला फार वाईट वाटलं, आणि तोंडातून आपोआप मास्तर बाहेर आले. काही हरकत नाही. सावकाश. पुन्हा.

त्यांनी चमकून मान वळवली. तेवढ्यात घाईत त्यांचा पाय ब्रेकवरून सटकला आणि गाडी मागे जायला लागली, थेट बसच्या दिशेनं. माझी बोटं मांडीखाली वळवळत होती. हँडब्रेक माझ्या गुडघ्याशेजारी होता. पण मेले तरी हात लावायचा नाही, अशी मी शपथ घेतली होती.

"ओढा!" विहीणबाई ओरडल्या. "अहो, ओढा ना!"

आज्ञार्थ. तक्ता आठवावा लागला नाही. मी ओढला आणि गाडी जागच्या जागी थांबली. बसवाल्यानं खिडकीतून काहीतरी सुनावलं, ते सुदैवानं मला शिकवलेलं नव्हतं. दिवा पुन्हा लाल झाला. विहीणबाईंनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. ओठावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्या लाल दिव्यात मी ते वाक्य म्हटलं. मधलं एक रूप चुकलं. त्यांनी हळूच सुधारलं, मी पुन्हा म्हटलं. त्यावर त्या बरंच काही बोलल्या. मला निम्मं कळलं, पण शेवटचं नीट कळलं. "त्या दिवशी ट्रकला मीही घाबरले होते," असं त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं कुठे अडकून बसला होता कोण जाणे.

हिरवा दिवा झाला. माझा हात हँडब्रेकवरच होता, तो त्यांनी तिथेच राहू दिला. त्यांनी क्लच सोडत आणला, मी इंजिनचा आवाज ऐकून ब्रेक खाली केला, आणि गाडी चढ चढली.

जावई हॉस्पिटलच्या दारातच उभा होता. तो आईला फ्रेंचमधे म्हणाला, जन्मली, अर्ध्या तासापूर्वी, दोघी छान आहेत. मग माझ्यासाठी इंग्रजीत सांगायला वळला, पण तोवर मी त्याच्या गळ्यात पडले होते.

लेक उशीला टेकून बसली होती, कुशीत बाळ. आम्ही दोघी एकदम आत शिरलो तेव्हा तिनं आधी आमच्या तोंडांकडे बघितलं आणि मग सासूच्या ओठाकडे. चेहरा काळजीनं आवळलेला. तिनं सासूला घाबरतच विचारलं, गाडी कोणी चालवली?

"दोघींनी," विहीणबाई म्हणाल्या.

लेकीनं एक लांब श्वास सोडला. किती दिवस धरून ठेवला होता बिचारीनं. मग तिनं हळूच सरकून पलंगाच्या दोन्ही बाजूंना जागा केली, आणि आम्ही बसलो.