रुग्णाने प्रत्यक्ष हजर राहावे

अट क्रमांक अकरा

अर्जदाराने बरा केलेला एक रुग्ण मुलाखतीस प्रत्यक्ष हजर असावा.

अट कुठून आली

ती माणसांच्या डॉक्टरांसाठी होती. जनावरांच्या डॉक्टरांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायचं ठरलं, तेव्हा कारकुनाने तीच नियमावली घेतली आणि प्रत्येक ‘डॉक्टर’च्या आधी ‘पशू’ लावलं. रुग्णाच्या आधी काही लावायचं त्याला सुचलं नाही.

म्हणून डॉक्टरबाई गाढव घेऊन आल्या.

फोन, फाटकापाशी

“गाढव? मुलाखतीला?”

“आई, तूच म्हणालीस ना, एकटी जाऊ नकोस.”

रुग्ण

नाव मुकादम. वीटभट्टीवर हा चालला की बाकीची गाढवं चालतात, थांबला की थांबतात, म्हणून. मध्यंतरी त्याचा मागचा पाय मोडला. पाय मोडलेल्या गाढवाला सहसा एकच इंजेक्शन मिळतं, शेवटचं. डॉक्टरबाईंनी त्याऐवजी नळाचा पाइप उभा चिरून पायाला बांधला आणि रोज भट्टीवर जाऊन त्याला सुई टोचली. पाय जुळला, पण जरा वाकडा. तो वाकडेपणा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. हाडांची शस्त्रक्रिया त्यांना नीट शिकायची आहे. प्रवेश मिळालाय, पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नाहीत.

मुकादमाला पाय आठवत नाही, सुया आठवतात. त्यांचा पांढरा कोट दिसला की तो विरुद्ध दिशेला सुटतो.

तिसरा मजला

लिफ्टमध्ये ‘चार माणसे’ असं लिहिलेलं होतं. “माणसे,” कारकून बोट ठेवून म्हणाला. राहिला जिना. पहिल्या पायरीशी मुकादम थांबला. त्याचे मालक, वीटभट्टीवाले काका, पुढून ओढत राहिले. डॉक्टरबाई मागे गेल्या आणि पिशवीतून कोट काढून त्यांनी अंगात घातला.

काकांची एक चप्पल पहिल्या मजल्यावर राहिली. मुकादम तोवर तिसऱ्यावर होता.

(इथे अर्जाचं दुसरं पान होतं. ते मुकादमाने खाल्लं.)

मुलाखत

“रुग्ण कुठे आहे?” समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

“तुमच्या मागे.”

कोट पिशवीत गेल्यामुळे मुकादम शांत होता. अध्यक्षांनी खुर्ची वळवली.

“काय, बरं वाटतंय का आता?”

मुकादम पान चघळत होता.

“बोलत नाही हा.”

“तक्रार नाही, असं लिहा,” हिशेबाच्या बाई म्हणाल्या. समितीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. बाईंनी चष्मा वर केला. “पाय बरा केलात ना तुम्ही? मग येतंय की सगळं. आणखी कशाला शिकायचं?”

“बरा झाला, पण वाकडा झाला.”

“मग बरा केलेला रुग्ण नाही. अट अकरा.”

“म्हणजे सरळ म्हटलं तर गरज नाही, आणि वाकडा म्हटलं तर पात्रता नाही?”

“आता कसं बोललात!” अध्यक्ष खूश झाले. “नामंजूर. पुढचे अर्जदार!”

पुढचे अर्जदार बाहेर कोंबडी धरून उभे होते. त्यांना आत येता आलं नाही. मुकादम दाराशी गेला होता, उतरता जिना त्याने एकदा पाहिला होता आणि उंबऱ्यावर आडवा बसला होता.

जेवणाची सुट्टी

कारकुनाने ढकललं. काकांनी ओढलं.

“अहो काका, तुमचंच जनावर ना?”

“वर डॉक्टरबाईंनी आणलंय त्याला. मी फक्त चप्पल घालवली.”

“डॉक्टरबाई,” अध्यक्ष दाराबाहेर बघत म्हणाले, कारण डबा पलीकडच्या खोलीत होता, “याला खाली न्या बघू.”

डॉक्टरबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मुकादम दारात. मध्ये टेबल. इथूनच कोट घातला असता तरी पुरे होतं.

त्यांनी पिशवीची चेन लावून टाकली.

“मला नाही जमायचं, साहेब. तेवढं शिक्षणच नाही माझं.”

“म्हणजे?”

“गाढव चढवणं पदवीला असतं. उतरवणं पुढच्या अभ्यासक्रमात.”

बाई आणि अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं.

“किती दिवस लागतील?”

“दोन वर्षं. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली तर.”

“काका, तुमची हरकत?”

काकांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. “राहू दे की. भट्टीवर कुठे मिळतं त्याला बसायला.”

अर्जाची जी पानं उरली होती, त्यांवर सह्या झाल्या. मग सगळे मुकादमाला ओलांडून जेवायला गेले.

दोन वर्षं

मुकादम उठला की बैठक सुरू होई. बसला की संपे. कामं भराभर होऊ लागली, असं वरून कौतुक आलं.

परत

डॉक्टरबाई नवी पदवी घेऊन आल्या, मुकादमाला ओलांडून आत शिरल्या, थेट खिडकीपाशी गेल्या आणि कोट घातला.

मुकादम उठला आणि जिन्यावरून सुटला.

त्याच्यामागे अध्यक्ष सुटले. अध्यक्षांमागे बाई, बाईंमागे कारकून. दोन वर्षांची सवय होती.

“हे तिथे शिकवतात?” अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावरून ओरडले.

डॉक्टरबाईंचं लक्ष नव्हतं. त्या जिन्यातले खुरांचे आवाज ऐकत होत्या. तीन खूर नीट पडत होते. चौथा जरा उशिरा, तिरका.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता याला सरळ करू.”

आणि कोट काढून, नीट घडी घालून, त्या लिफ्टने खाली गेल्या.